साबणाची रेघ

देवराव भोयरांच्या तोंडून "होत नाही" एवढे दोन शब्द काढून दाखवा, अशी पैज नागपूरच्या लकडगंजात कोणी लावली असती तर तो माणूस हमखास हरला असता. चाळीस वर्षं झाली, देवराव ट्रकच्या कमानी आणि गाड्यांचं जंपिंग, म्हणजे सस्पेन्शन, दुरुस्त करतात. लाकडाच्या टालीतून सागवान भरून निघालेला ट्रक एका अंगाला कलला, की ड्रायव्हर मागच्या गल्लीत शिरून त्यांनाच हाक मारायचा. देवराव तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी खिशात सरकवून गाडीखाली वाकायचे, एक डोळा मिटून पाहायचे आणि म्हणायचे, "होते न गा. काहून नाही होणार?" आणि व्हायचंही! खरी भानगड तिथंच आहे. ज्याचं आयुष्यभर होतच गेलं, त्याला थांब म्हणून सांगणार तरी कोण?

बुटके, रुंद छातीचे, एकसष्ट वर्षांचे. चष्म्याच्या काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. गल्लीतल्या पोट्ट्यांनी अलाइनमेंटच्या मशिनी आणल्या, पडद्यावर आकडे दाखवायला लागले, तरी देवराव चाकांना दोरी ताणूनच माप घेत आणि त्यांचं माप मशिनीच्या तोडीस तोड उतरे. याचा त्यांना कोण अभिमान! घरी त्यांची बायको गोपिका तो ऐकून ऐकून कंटाळली होती. "मशीन काय सांगते, मी डोळ्यानं सांगतो," असं ते जेवताना म्हणाले की ती म्हणायची, "मंग घरातला नळ दोन महिन्यापासून टपकून राहिला, तो नाही दिसत डोळ्याले?"

तर फेब्रुवारीतल्या एका सोमवारी गल्लीत एक गाडी आली. आली म्हणजे दुसऱ्या गाडीच्या पाठीवर चढून आली. पिवळीधमक, दोनच माणसांची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. मालक अनिश, काटोलच्या संत्र्याच्या व्यापाऱ्याचा सव्वीस वर्षांचा मुलगा. पुण्याहून जुनी स्पोर्ट्स कार हौसेनं घेतली होती. काटोल रोडवर संत्र्याच्या ट्रकला ओव्हरटेक करायला गेला, मागचं उजवं चाक रस्त्याच्या काठावरून खाली उतरलं आणि दगडावर आपटलं. चाक पाय मुरगळल्यासारखं आत वळलं होतं.

देवरावांनी गाडी जॅकवर घेतली. दोन वस्तू वाकल्या होत्या. एक, चाकाला खालून धरून ठेवणारा मनगटाएवढा आर्म, आणि दुसरी, त्याच्या शेजारची बारीक दांडी. आर्म भार सांभाळतो, दांडी चाकाचं तोंड सरळ ठेवते. मागच्या चाकाचं तोंड भर वेगात वळलं, तर गाडी जागच्या जागी गरकन फिरते, मग चालवणारा कितीही हुशार असो. हे देवरावांना कोणी सांगायला नको होतं. अडचण वेगळीच होती. दोन्ही वस्तू ॲल्युमिनियमच्या होत्या. लोखंडाचे आर्म त्यांनी हजारांनी सरळ केले असतील. ॲल्युमिनियमचा एकही नाही, ते नेहमी बदलले होते.

"शोरूमवाले म्हणतात, पार्ट बाहेर देशातून येते. अडीच महिने," अनिश म्हणाला. "रविवारी आमची बारा गाड्यांची राइड आहे काका, समृद्धीनं शिर्डीपर्यंत. होत नसन तं आत्ताच सांगा, मी नाव मागं घेतो. माही काही जबरदस्ती नाही."

पाहा, सुटायची वाट पोरानं स्वतःच दाखवली होती! पण तोवर ती पिवळी गाडी पाहायला गल्लीतले चार मिस्त्री गोळा झाले होते. चौघंही देवरावांच्या तोंडाकडे पाहत होते. चार लोकांत मान खाली घालायची म्हणजे काय खाऊ आहे?

"होते न, भाऊ," देवराव म्हणाले. "गुरुवारी घेऊन जा."

मंगळवारी त्यांनी आर्म प्रेसमध्ये थंडाच दाबून पाहिला. दोन सूत, म्हणजे पाव इंच, सरकला आणि आतून 'टिक्' असा बारीक आवाज आला. आर्म बाहेर काढला, रॉकेलनं पुसला, वर खडूची भुकटी फासली. चीर असती तर रॉकेल पाझरून रेघ उमटली असती. उमटली नाही. पण पुन्हा दाबायची छाती होईना. लोखंड लाल करून वाकवता येतं, तो रंग डोळ्याला सांगतो की आता पुरे. ॲल्युमिनियम लालच होत नाही. ते पांढरंच्या पांढरं राहतं आणि एकाएकी वितळून खाली पडतं.

उपाय सुचला तो बुधवारी सकाळी, अंघोळीच्या पाटावर, हातात साबणाची वडी असताना. देवराव सोळाव्या वर्षी इतवारीत नत्थूजींच्या कारखान्यात दोन वर्षं ॲल्युमिनियमची पातेली ठोकायला होते. नत्थूजी पत्र्यावर साबणानं रेघ ओढायचे आणि खालून ज्योत द्यायचे. रेघ आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी होते. काळी झाली की ज्योत बंद. पत्रा गार झाला की कणकेसारखा मऊ, हवं तसं ठोका, तडा जाणार नाही. "अवं, सापडलं!" देवराव न्हाणीतूनच ओरडले. गोपिकेला वाटलं, नळाचं सापडलं.

आधी त्यांनी भंगारातल्या एका तुटक्या आर्मवर हात बसवून पाहिला. एका टोकाला रेघ ओढली, काळी केली आणि वाइसच्या पकडीत धरून वाकवलं. टिक् नाही की टाक् नाही. मग खऱ्या कामाला हात घातला. नेमकी त्याच वेळी अनिश त्याच्या बहिणीला, हिमानीला, घेऊन काम पाहायला आला. हिमानी कॉलेजात शिकणारी, हातातला मोबाइल खाली न ठेवणारी. "काका, साबण कायले?" तिनं विचारलं आणि व्हिडिओ सुरू केला. देवरावांना असा ऐकणारा चाळीस वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी चष्मा वर सारला आणि साबणाची रेघ, ज्योत, रंग, सगळं हातवारे करकरून सांगितलं. आर्म लोण्यासारखा सरळ झाला. मागून दांडीही झाली. "कंपनीवाले अडीच महिने म्हणतेत," देवराव मोबाइलकडे पाहून म्हणाले, "नागपूरचा मिस्त्री तीन दिवस म्हणते." वरून चंदेरी रंगाचा हात मारला, दोरी ताणून चाक सुतात आणलं. गुरुवारी अनिश गाडी घेऊन गेला.

शुक्रवारी देवरावांचा फोन दुपारपर्यंत गरम होऊन गेला. हिमानीनं टाकलेला व्हिडिओ, खाली देवरावांचा नंबर, साऱ्या विदर्भात फिरत होता. वर्ध्याहून, यवतमाळहून अनोळखी मिस्त्री विचारू लागले, साबण अंगाचा की कपड्याचा, ज्योत किती लांब धरायची. देवराव प्रत्येकाला न कंटाळता सांगत होते. गल्लीतल्या मशीनवाल्या पोट्ट्यांनी त्यांना चहा पाजला. "आता आमच्या घरी साबण पुरत नाही म्हणा," गोपिका शेजारणीला म्हणाली, पण तीही आतून खूश होती. त्या एका दिवसात माणूस दोन इंच उंच झाला म्हणा ना.

शनिवारी साडेतीनच्या सुमारास भूमिका गॅरेजात आली. भूमिका त्यांची एकुलती एक मुलगी, हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरीला. तिथं गाड्यांचे ॲल्युमिनियमचे भाग बनतात आणि ते पुरेसे कडक आहेत की नाहीत, हे तपासायचं काम तिचं. पहिली पाळी संपवून ती घरी न जाता तडक इकडं आली होती, अंगात कंपनीचा निळा शर्ट तसाच.

"बाबा, तो आर्म तापवल्यावर मंग काय केलं?"

"काय केलं म्हणजे? सरळ केला, बसवला."

"परत कडक नाही केला?"

देवराव हसले. "भूमे, तू आता बापाले शिकवून राहिली का? पाहिलं नाही व्हिडिओत? लोण्यावानी वाकला."

"तेच तं म्हणून राहिली मी," भूमिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "लोण्यावानी काहून वाकला, इचारा न स्वतःले. आमच्या इथं पार्ट आधी तापवतेत, पाण्यात विझवतेत, मंग भट्टीत तासन् तास भाजतेत. त्यानंच तं तो कडक होते. मंग तो एकेक मले दाबून पाहा लागते. कोणी चुकून परत तापवला तं आमी तो पार्ट फेकून देतो. तुम्ही त्याचं सारं कडकपण काढून टाकलं, बाबा."

"नत्थूजीनं जिंदगीभर हेच केलं! एक पातेलं नाही फाटलं त्याचं!" देवराव एकदम भडकले. "चार वर्ष नौकरी काय केली, लागली अक्कल शिकवाले!"

बाकावर तो सरावाचा तुटका आर्म अजून पडून होता, एका टोकाला साबणाचा काळा डाग घेऊन. भूमिकेनं तो उचलून बापापुढं ठेवला. "मशीन नको. तुमचाच पंच घ्या. या टोकावर एक मारा, त्या टोकावर एक मारा."

देवरावांनी तावातावानं तो टोकदार लोखंडी पंच उचलला. न तापवलेल्या टोकावर टेकवून हातोडीचा एक ठोका दिला. टणकन आवाज आला, ठिपका पडला ज्वारीच्या दाण्याएवढा. मग काळ्या टोकावर तोच पंच, तीच हातोडी, तोच हात. आवाज आला बद्द. पंच आत रुतला आणि काढताना हलवून काढावा लागला.

देवरावांनी त्या खड्ड्यात करंगळीचं नख घालून पाहिलं. पुन्हा एकदा मारून पाहिलं. तेच. हाताला खोटं कसं ठरवणार? आणि मग त्यांना ते लख्ख कळलं, भूमिकेनं न सांगता कळलं. नत्थूजी पातेलं मऊ करून सोडून देत नसत. त्यावर पुढं हजार ठोके पडत, आणि ठोक्या-ठोक्यानं पत्रा पुन्हा कडक होई. ते ठोके देवरावांनी स्वतःच्या हातानं दोन वर्षं मारले होते! या आर्मला त्यांनी तापवलं, दोनदा दाबलं आणि वरून रंग दिला. आत लोणीच राहिलं.

"उद्या शिर्डी," ते पुटपुटले. भूमिकेनं फोन पुढं केला.

आता इथं जे झालं ते सांगायला जिवावर येतं, पण सांगितलंच पाहिजे. अनिशनं फोन उचलला. मागं गाण्याचा धिंगाणा होता. "बोला काका! लाखाच्या वर गेला तुमचा व्हिडिओ!" आणि देवरावांच्या जिभेवर आलेलं सगळं जागच्या जागी विरून गेलं.

"भाऊ, ते... एकदा गाडी आणून दाखवता का आज? दोन बोल्ट टाईट करायचे राहिले वाटते."

"बोल्ट? अहो ते मी इथंच करून घेतो काका. मस्त चालून राहिली गाडी. टेन्शन नका घेऊ." फोन बंद.

भूमिका बापाकडे पाहतच राहिली. "बोल्ट? बाबा, हे काय सांगतलं तुम्ही?"

"सांगतो न उद्या."

"उद्याच तं जाऊन राहिले ते!"

देवरावांनी पुन्हा लावला, अनिशनं उचलला नाही. भूमिका म्हणाली, मी बोलते, तर फोन तिच्या हातातून काढून घेतला. काटोलला जाऊन यावं म्हणून संध्याकाळी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या. तिथं जाऊन काय म्हणायचं? ज्या कामावर सारं गाव वाहवा करतंय ते काम सडकं आहे, असं? जेवले नाहीत. गोपिकेनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले. लाज वाटत होती, भीतीही वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लाज भीतीपेक्षा मोठी होती. त्या रात्री तरी होती.

पहाटे मात्र उलटं झालं. साडेपाचला उठून दात घासता घासता देवरावांना ती दांडी दिसली. चाकाच्या मागं, त्यांनी स्वतः लावलेल्या चंदेरी रंगाखाली हळूहळू वाकणारी. ब्रश हातातून पडला. "भूमे, ऊठ वं!" ते ओरडले. पाच मिनिटांत बापलेक मोटारसायकलवर होती.

समृद्धीच्या तोंडाशी, टोलच्या अलीकडं एक चहाची टपरी आहे. मोटारसायकलला तिथून पुढं जाता येत नाही, पण नशिबानं पुढं जायची गरज पडली नाही. टपरीसमोर रंगीबेरंगी गाड्यांची ओळ लागली होती, पोरं तर्री पोहे खात उभी होती. पिवळी गाडी सगळ्यात पुढं. अनिश स्टिअरिंगवर बसलेला, शेजारी हिमानी पट्टा लावून तयार. देवराव धावतच गेले. एकसष्टाव्या वर्षी, टपरीच्या बाकड्याला ठेच लागली तरी धावले.

"अरे, साबणवाले काका!" कोणीतरी ओरडलं. "काका, एक सेल्फी!" तीन-चार पोरांनी त्यांना गराडाच घातला. एकानं गळ्यात हात टाकला. देवराव त्यांना बाजूला सारू लागले तर पोरं हसू लागली. अशी इज्जत देवरावांना जन्मात मिळाली नव्हती, आणि त्या घटकेला ती काट्यासारखी टोचत होती.

"गाडी नेऊ नका!" ते ओरडले. "माहं काम खराब झालं! तो आर्म टिकणार नाही!"

पोरांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. अनिश काच खाली करून म्हणाला, "काका, काल तं बोल्ट म्हणत होते."

"काल खोटं बोललो."

देवरावांनी जमिनीवर बसून मागच्या चाकाकडे पाहिलं. गुरुवारी दोरीवर सुतात आणलेलं चाक आज दोन सूत आत वळलं होतं. डोळ्याला दिसत होतं. त्यांच्या डोळ्याला. दुसऱ्या कोणाला दाखवणार?

अनिश खाली उतरला. "काका, शोरूमवाल्यायनं दम दिला का तुमाले? तसं असन तं सांगा, पाहून घेऊ त्यायले. पण आता बाजूले व्हा. लोक थांबून राहिले." मागची गाडी हॉर्न वाजवत होती.

देवराव बाजूला झाले नाहीत. खिशातून त्यांनी व्हॉल्व्हची पिन काढायची चावी काढली, चाकावर वाकले आणि दोन वेढ्यांत पिन बाहेर. हवा सुसाट निघाली. पोरांचं हसणं तिथंच थांबलं. अनिशनं त्यांची कॉलर धरून त्यांना उभं केलं. "डोकं फिरलं का तुमचं? या गाडीले स्टेपनी नाही!"

"माहीत हाय म्हणूनच काढली," देवराव म्हणाले. "मार मले. मार बापा. पण बसू नको हिच्यात."

"दादा, हात सोड!" हिमानी गाडीतून उतरली होती. "बाबाच्या वयाचा माणूस हाय तो. सगळ्यायपुढं स्वतःचंच काम खराब म्हणून राहिला. खोटं काहून बोलन गा तो?"

अनिशनं कॉलर सोडली. बाकीच्या अकरा गाड्या निघून गेल्या. भूमिका बाजूला उभी राहून गाडी उचलून नेणाऱ्याला फोन लावत होती.

दहा वाजता पिवळी गाडी पुन्हा लकडगंजात जॅकवर होती. देवरावांनी ती दांडी खोलली, वाइसमध्ये आवळली आणि तिच्या मोकळ्या टोकावर हातभर लांब पाइप चढवला. स्वतः हात लावला नाही. "भाऊ, तुम्ही ओढा."

अनिश अजून घुश्श्यातच होता. त्यानं एका हातानं पाइप ओढला. दांडी वाकली. त्याला जोर करावा लागला नाही, तोल जाऊन तो अर्धा पाऊल मागं आला इतकी सहज वाकली. त्यानं वाकलेल्या दांडीकडे पाहिलं, मग दारात उभ्या हिमानीकडे. हिमानी बाटलीतून पाणी पीत होती, तिला काही कळलं नव्हतं. "मी तिले म्हटलं होतं काका, दीडशेच्या वर नेऊन दाखवतो," तो म्हणाला आणि तिथल्याच एका टायरवर मटकन बसला.

देवराव रडले. मोठ्यानं रडले, गल्लीला ऐकू गेलं असेल. चाळीस वर्षांत गाडीखाली बोट चेचलं तरी हूं न करणारा माणूस. अनिशनं त्यांना शिवी दिली नाही की धीर दिला नाही. त्यानं बहिणीला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. "काढला," हिमानी म्हणाली. गाडी जॅकवरच राहू द्या, पार्ट येईल तेव्हा येईल, असं सांगून दोघं बहीणभाऊ रिक्षानं गेले.

देवरावांना वाटलं, सुटलो. तोंडावर पाणी मारलं, भूमिकेनं टपरीवरून आणलेला चहा प्यायले. घरी जायला कुलूप हातात घेतलं आणि फोन वाजला. नंबर अनोळखी.

"काका, पाया पडतो! मी अंकुश, वरुडहून. आपलं छोटं गॅरेज हाय इथं. काका, तुमच्या साबणानं इज्जत ठेवली माही! एका मोठ्या गाडीचा मागचा आर्म, सेम टू सेम ॲल्युमिनियमचा. काळी रेघ आली अन् काय मस्त वाकला!"

देवरावांनी कुलूप बाकावर ठेवलं. "व्हिडिओ तं काढून टाकला. कुठं पाहिला तू?"

"एकानं काढला असन. आमच्या मिस्त्री लोकायच्या ग्रुपवर हाय न काका. आठशे लोक हायेत. सारे तुमचंच नाव घेऊन राहिले."

"गाडी कुठं हाय?"

"गेली न. सकाळीच घेऊन गेले. घरचे सारे लग्नाले गेले अमरावतीले."

देवरावांनी सगळं सांगितलं. नत्थूजी, पातेलं, ठोके, पंच, दांडी, काही न लपवता, एका दमात. पलीकडं अंकुशचा आवाज पार खाली गेला. "काका, पण... व्हिडिओत तं तुम्हीच सांगतलं न?"

"मीच सांगतलं. चुकीचं सांगतलं. आता त्यायले फोन लाव आन् गाडी जागच्या जागी उभी कराले सांग."

"काय सांगू त्यायले? मारतीन मले."

"माहं नाव सांग. नागपूरच्या देवराव भोयरनं चुकीचं शिकवलं म्हण. पहिले थांबू दे, मंग शिव्या देऊ दे. आन् हा फोन चालू ठेव, मले ऐकू येऊ दे."

अंकुशनं दुसऱ्या मोबाइलवरून गाडीवाल्यांना लावला. घंटी गेली. पुन्हा गेली. भूमिका बापाच्या दंडाला धरून उभी होती. तिसऱ्या वेळी कोणीतरी उचललं आणि मागं बँडबाजा वाजताना ऐकू आला. "हो, पोचलो न कधीचे," एक माणूस ओरडून सांगत होता. "मंडपात हावो. काहून, काय झालं?"

देवराव फोन कानाला धरून तिथंच फरशीवर बसले. अंकुश त्या माणसाला समजावत होता, तो माणूस खरंच शिव्या देत होता, नाव घेऊन देत होता. देवरावांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन ठेवला.

"आठशे," ते म्हणाले.

भूमिकेनं मान हलवली. तिनं आपला मोबाइल काढला, व्हिडिओ सुरू केला आणि वाइसमधल्या वाकलेल्या दांडीवर धरला.

"ते मंग घे," देवराव म्हणाले आणि चष्मा पुसून डोळ्याला लावला. "पहिले माहं तोंड घे."